भरणी विभागातली शरयू

जबलपुरात घमापूरला आमचं घर रस्त्याला लागून आहे. सकाळी सहाच्या सुमाराला खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या बसा समोरून जातात, मागून सायकलींची रांग. युद्धाच्या वर्षांत ही रांग दिवसातून चार वेळा जायची. मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसते आणि गेली तीस वर्षं त्या बसमध्ये एक बाई बघते. अंगावर फिकट जांभळी सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी, दोन्ही हात पदराखाली. ती बाई कारखान्यात कधीच नव्हती. तिला तिथे कामाला मी लावलं. तिचं नाव शरयू.

शरयू ही अंबादासची धाकटी बहीण. अंबादास खमरियाला भरणी विभागात, तोफगोळ्यांत दारू भरायच्या कामावर होता. आई-वडील लवकर गेले, म्हणून बहिणीला त्यानेच वाढवलं आणि एकोणिसाव्या वर्षी जबलपूरजवळच्या पाटणला दिलं. नवरा श्यामसुंदर, धान्याची आडत, घरी सासू. एप्रिल एकसष्टमध्ये मुलगी झाली. तिला सगळे बेबीच म्हणायचे. त्रेसष्टच्या श्रावणात शरयू दुसऱ्या बाळंतपणासाठी भावाकडे आली. बेबीला सासूने ठेवून घेतलं. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न," म्हणाली. मुलगा झाला तो मेलेला. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने उठते आणि सासरचं माणूस न्यायला येतं. शरयूला न्यायला कोणी आलं नाही. अंबादासने पत्रं टाकली, ती स्वतः दोनदा बसने पाटणला गेली. दुसऱ्या वेळी दाराला आतून कडी होती आणि आत बेबी गाणं म्हणत होती. गाणं संपेपर्यंत ती पायरीवर बसली, मग शेवटच्या बसने परत आली.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तिला मराठी मंडळात बघत होते एवढंच. मी महिला शाखेची चिटणीस होते. 'नवऱ्याने टाकलेली' म्हणून काही बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायला कुरकुरत. मी मात्र आवर्जून बोलवायची, आणि याचा मला थोडा अभिमानही होता.

मी नवव्या वर्षापासून डायरी लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरने सवय लावली. एकही दिवस रिकामा सोडायचा नाही, डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, आणि चूक झाली तर खोडायची नाही, त्याखाली बरोबर ते लिहून तारीख घालायची. चौपन्न साली लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांपेक्षा डायऱ्या जास्त होत्या. यजमान गुणवंतराव वकील. ते सुरुवातीला हसायचे. पुढे तेच विचारू लागले, "अहो, कटनीचे ते पक्षकार कोणत्या दिवशी आले होते?" मी दोन मिनिटांत सांगायची. "मला दोन रेकॉर्ड-रूम आहेत, एक कोर्टात, एक घरात," ते मित्रांना सांगायचे, "आणि कोर्टातली खोटी पडेल, ही नाही पडायची."

एकोणतीस सप्टेंबर एकोणीसशे पासष्टची नोंद समोर उघडी आहे. लढाई थांबून आठवडा झाला होता, कारखान्यात डबल शिफ्ट चालूच होती. नवरात्राचं हळदीकुंकू होतं. बायका रांगेने येत, मी प्रत्येकीच्या हाताला हळद लावत होते. शरयूने हात पुढे केला आणि माझं बोट तिथेच थांबलं. तळवा आधीच पिवळा होता. हळदीचा सोनेरी रंग नव्हता तो, जुन्या कागदासारखा होता. नखं मुळापर्यंत पिवळी. तिने हात किंचित मागे घेतला. मी घाईने हळद लावली आणि पुढचीकडे वळले.

असे हात शहरात सगळे ओळखत. भरणीतल्या पावडरने माणसं पिवळी होत. सायकलवरच्या माणसाची नखं बघून लोक सांगत, हा खमरियाचा. लढाईत बायकांनाही कामावर घेऊन राहिले, अशी बोलवा होती. मी शरयूला काही विचारलं नाही. चारचौघींत विचारणं मला असभ्य वाटलं. घरी येऊन लिहिलं: 'शरयू आली होती. दोन्ही तळवे व नखे पिवळी. भरणी विभागात लागलेली दिसते.'

नोव्हेंबरात श्यामसुंदर आमच्याकडे पक्षकार म्हणून आला. बायको दोन वर्षं घर सोडून गेली आहे, विभक्ततेचा हुकूम हवा, असं त्याचं म्हणणं. त्या काळात घटस्फोट सरळ मिळत नसे. आधी विभक्ततेचा हुकूम, आणि दोन वर्षं दोघं एकत्र आली नाहीत की त्यावर घटस्फोट. बेबी आपल्याकडेच राहावी, हीही मागणी होती.

शरयूच्या बाजूने भय्यासाहेब उभे राहिले. सत्तरीचे वकील, कोटाची कोपरं झिजलेली. त्यांनी दोन अर्ज दिले. एक, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सामान्यपणे आईजवळ असावं असा कायदा आहे, तेव्हा बेबी आईला द्या. दुसरा, दाव्याच्या खर्चाचा. ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही त्याला दावा चालेपर्यंत दुसऱ्याने खर्च द्यायचा, वकिलाची फीसुद्धा. बेबीला पाच वर्षं पूर्ण होणार होती बावीस एप्रिलला. पाटणहून साक्षीदार आणायचे, नकला काढायच्या, तारखांना हजर राहायचं, हे सगळं त्याआधी व्हायला हवं होतं, आणि ते दुसऱ्या अर्जावर अवलंबून होतं.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी मी चहा घेऊन बैठकीत गेले तेव्हा श्यामसुंदर खुर्चीच्या काठावर बसला होता.

"वकीलसाहेब, हे काय नवीन? माझ्याशी भांडणार ती, आणि तिच्या वकिलाला पैसे मी देऊ? उद्या म्हणाल, चोराच्या काठीलाही तेल तुम्हीच लावा."

"कायदा नवरा-बायको दोघांनाही आहे," गुणवंतराव म्हणाले. "उद्या तुम्ही कंगाल झालात आणि ती कमावती असली, तर तुम्हीही मागा."

"म्हणजे ती कमावती असेल तर?"

"तर प्रश्नच नाही. पण ती भावाच्या घरी बसली आहे."

मी कपबशा मांडत होते. मला कोणी विचारलेलं नव्हतं. "शरयू ना?" मी म्हणाले. "ती तर भरणीत लागली आहे."

गुणवंतरावांनी वर पाहिलं. "डायरीत आहे?"

मी आत गेले आणि दोन मिनिटांत पान घेऊन आले.

पुढच्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्र केलं. डायरीतलं 'दिसते' त्यात राहिलं नाही. टंकलेखकाने जे आणलं ते मी वाचलं आणि सही केली. माझी सही कॉन्व्हेंटची आहे, सगळे तिचं कौतुक करतात. कारखान्याकडून दाखला मागवावा असं कोणी म्हणालं नाही. त्या दिवसांत कामगारांची यादी गुप्त असे, ती कोर्टात मागायची कोणाची छाती नव्हती.

दहा फेब्रुवारीला मी कोर्टात मागच्या बाकावर होते. भय्यासाहेब म्हणाले की बाई नोकरी करत नाही, हात पिवळे आहेत ते भावाचे कपडे धुऊन. न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं.

"हाथ दिखाइए."

शरयूने पदराखालून हात काढले आणि पालथे-उताणे करून दाखवले. मग हिंदीत म्हणाली, "साहब, भाईसाब की बनियान और तकिये के गिलाफ़ हैं. पसीने में रंग आता है. रोज़ मैं ही धोती हूँ."

गुणवंतराव उभे राहिले. ते कधीच आवाज चढवत नसत. "हुज़ूर, कपड़े धोने से हाथ पीले होते, तो शहर के सारे धोबी पीले होते."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मीही हसले, हे मी त्या रात्री लिहिलेलं आहे. शरयूने हात परत पदराखाली घेतले, आणि त्या हसण्यात वळून बाकांकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावर आली तेव्हा तिने ओळखीची मान हलवली. प्रतिज्ञापत्र कोणाचं होतं हे तिला बहुतेक अजून कळलं नव्हतं.

खर्चाचा अर्ज फेटाळला गेला.

भय्यासाहेब त्यानंतरही एक तारीख फुकट आले. मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला. दुसरे वकील आधी फी मागत. अंबादासला चार मुलं होती आणि सोसायटीचं कर्ज होतं. मार्चच्या तारखेला शरयू एकटी उभी राहिली, मुदत मागितली. गुणवंतरावांनी हरकत घेतली नाही. उलट न्यायाधीशांना सोयीची तारीख सुचवली, पंचवीस एप्रिल. त्या दिवशी ते उठून एवढंच म्हणाले की मुलीला पाच वर्षं पूर्ण झाली आहेत. "तीन दिवसांनी हुकलं तिचं," रात्री जेवताना ते मला म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. ते वाईट नव्हते. पत्त्यांचा डाव जिंकलेला माणूस बोलतो तसे बोलले.

बेबी पाटणलाच राहिली. ऑगस्टमध्ये विभक्ततेचा हुकूम एकतर्फी झाला, अडुसष्टमध्ये घटस्फोट. श्यामसुंदरने दुसरं लग्न केलं.

यानंतरची पाच वर्षं मी शरयूचा विचार फारसा केला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण डायऱ्यांत तिचं नाव नाही.

एकाहत्तरमध्ये माझा भाचा विनय भरणी विभागात लागला आणि आमच्याकडे राहायला आला. पावसाळ्यापासूनच लढाईची तयारी होती, डिसेंबरात पोरगा सोळा-सोळा तास कामावर असायचा. तिथून आंघोळ करून यायचा, तरी सकाळी उशीवर त्याच्या डोक्याचा पिवळा ठसा असायचा. आमचा धोबी जुना, पंधरा-सोळा वर्षं येणारा. त्याने गाठोडं सोडलं, विनयची बनियनं आणि अभ्रे दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवले.

"ये नहीं, माताजी."

"काहून?"

"खमरिया का कपड़ा कोई धोबी नहीं लेता. एक डालो, पूरा घाट पीला. वहाँ तो घर की औरतें ही धोती हैं."

मला वाटतं तेव्हाच मला कळलं होतं, पण मी कळू दिलं नाही. भांडीवाली बाई गावी गेली होती. एक बादली तर आहे, म्हणून मीच धुवायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचे कपडे धूत होते. पाणी चहासारखं व्हायचं, तीन पाण्यांनंतरही पिवळं यायचं. अठरा दिवस झाले. मग एका सकाळी खिडकीत बसून चहाच्या कपाला हात घातला, आणि तो हात माझा नव्हता. तळवा जुन्या कागदासारखा. नखं मुळापर्यंत.

समोरून बस गेली. त्या दिवशी शरयू मला पहिल्यांदा तिच्यात दिसली, खिडकीकडच्या जागेवर, हात पदराखाली.

मी गुणवंतरावांसमोर दोन्ही हात धरले, पालथे-उताणे. त्यांनी चष्मा काढून पाहिलं.

"हळद असेल."

"धोब्याने विनयचे कपडे घेतले नाहीत. खमरियाचे कपडे धोबी घेतच नाहीत."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग वर्तमानपत्राची घडी घातली, कोपरा कोपऱ्याला जुळवून. "तुम्ही जे पाहिलं तेच सांगितलंत," म्हणाले. "आणि ती केस संपली आहे." त्यानंतर बारा वर्षं ते जगले. माझ्या डायरीतली तारीख त्यांनी पुन्हा कधी विचारली नाही.

त्याच आठवड्यात मी बसने खमरियाला गेले. सरकारी क्वार्टरांच्या रांगेच्या टोकाला नळ होता. सहा-सात बायका धूत बसल्या होत्या. मी कोणाशी न बोलता हात बघत गेले. सगळ्यांचे तसेच होते. सहा वर्षांपूर्वी अर्ध्या तासाच्या बसने हे मला दिसलं असतं. अंबादासची बायको हेमलता तिथेच होती. माझं नाव ऐकल्यावर तिने हातातला कपडा जोरात आपटला.

"आता आल्या? ती अधारतालला राहते. बालवाडीत मुलं सांभाळते. जा, लिहून घ्या हे पण."

अधारतालची खोली दुकानांच्या मागे होती. शरयूने दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत या म्हणाली. बत्तिशीची असेल, पण केसांत पांढरं आलं होतं. हात स्वच्छ, गव्हाळ. मी बसले नाही. हात पुढे केले.

तिने ते हातात घेऊन उजेडाकडे वळवले, बाजारात भाजी बघतात तसे. "कोण आहे तुमच्याकडे?"

"भाचा."

"लिंबू नका लावू. चरचरते फक्त. नख वाढते तसं वर सरकत जाते. सहा महिने लागतात."

"शरयू, मी नव्याने प्रतिज्ञापत्र देते. चूक झाली म्हणून लिहून देते."

"काय होणार आहे बाई त्यानं? बेबी दहाची झाली. मागच्या साली पाटणच्या बाजारात दिसली. मी समोर जाऊन उभी राहिली. तिने 'नमस्ते मौसी' म्हटलं आणि तिच्या आईचा हात धरला." तिने माझे हात सोडले. "त्या दिवशी तुम्ही हळद लावत होत्या ना, तेव्हाच तुमच्या ध्यानात आलं होतं. मी पाहिलं. एवढ्या जवळ होत्या. विचारलं काहून नाही?"

असभ्य वाटलं, असं मला सांगता आलं नाही.

निघताना सवाष्णीला कुंकू लावतात, म्हणून ती करंडा घेऊन आली. कुंकू लावलं. मग हळदीत बोट घालणार तो माझे हात तिच्या नजरेला पडले. तिने झाकण लावलं.

"हळदीची गरज नाही तुम्हाला," ती म्हणाली.

एकोणऐंशीत शरयू तापाने गेली. मला महिन्याने कळलं. मी सकाळी खिडकीत बसले तर ती बसमध्ये होतीच, आणि म्हातारी झालेली नव्हती.

गुणवंतराव त्र्याऐंशीत गेले. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी एक तरुण बाई फाटकाशी उभी राहिली. पोट दिसत होतं, सहावा-सातवा महिना. कपाळ शरयूचं. हातात कोर्टाच्या निकालाची नक्कल.

"मी बेबी," ती म्हणाली. "पाटणवाल्या श्यामसुंदरजींची. मराठी समजते सगळं, बोलते कमी. यात तुमचं नाव आहे, आंटी. तुम्ही आईला ओळखत होत्या?"

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"मी खमरियाला गेली होती. अंबादासमामा रिटायर होऊन गेले, पता नहीं कुठे. ऑफिसमध्ये एका बाबूने पुरानी यादी पाहिली. म्हणे या नावाची कोणी नाहीच. पासष्ट, छासष्ट, सगळी पाहिली. तुम्ही सांगा ना, आई कोणत्या सेक्शनला होती? म्हणजे मी त्यांना नीट सांगू शकते."

पाण्याचा पेला खाली ठेवून ती हसून म्हणाली, "पप्पा रागाने बोलायचे, तेरी माँ ने तुझे छोड़कर नौकरी चुनी. पण मला राग नाही आला कधी. एकाहत्तरमध्ये मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, माझी आई गोळे भरते. सिनेमाच्या आधी लढाईची रील दाखवायचे ना, कारखाना दाखवला की मी हात बघत राहायची. वाटायचं, यातले एक माझ्या आईचे."

माझ्यापुढे दोन रस्ते होते. एखाद्या विभागाचं नाव सांगितलं असतं तर ती समाधानाने गेली असती. अशी खोटी आई तिला दुसऱ्यांदा द्यावी, असं एक क्षण खरंच मनात आलं. मग मी उठले. या वेळी दोन मिनिटांत पान सापडलं नाही.

मी सगळं सांगितलं. हळदीकुंकू, चहा, सही, धोब्यांवरचं हसू, तीन दिवस उशिराची तारीख. कडी लावलेलं दार आणि आतलं गाणं, जे मला हेमलताने पुढे सांगितलं होतं, तेही. "ती तुला सोडून कुठेच गेली नव्हती," मी म्हणाले. "तुला परत मिळवायला वकील हवा होता. त्याचे पैसे तिला मिळू नयेत, एवढ्यासाठी आम्ही तिला कारखान्यात लावलं."

बेबीने डायरी जवळ ओढली. ती ओळ तिने बोट ठेवून अक्षर अक्षर वाचली. बराच वेळ लागला. नळाखालची बादली भरून वाहू लागली तरी मी उठले नाही.

"तो फिर रील में वो कहीं नहीं थीं," ती म्हणाली.

"नाही."

"गोळे नाही भरले तिने."

"नाही, बाळ. ती नळावर होती. भावाचे कपडे धूत."

मी पेन घेतलं आणि त्या ओळीखाली लिहायला लागले, की ही नोंद चुकीची आहे, आणि तारीख. एकोणीस वर्षं ही दुरुस्ती राहिली होती. तिने माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"हात? हात तर पिवळे होते ना? सच में?"

"हो. मी डोळ्यांनी पाहिले."

"तेवढं राहू द्या," ती म्हणाली. "ते नका काटू."

मग ती उठली, नक्कल पिशवीत घातली. तिने स्वतः कुंकू लावून घ्यावं म्हणून मी करंडा आणायला वळले, तोवर ती फाटकाबाहेर पडली होती.

त्या नोंदीखाली पहिली दोन वाक्यं तशीच ठेवून मी फक्त तिसऱ्याची दुरुस्ती लिहिली. मला वाटलं होतं, त्यानंतर बसमधली ती जागा रिकामी दिसेल. तसं झालं नाही. फरक एवढाच की आता ती हात पदराखाली ठेवत नाही. खिडकीच्या गजांवर ठेवते, पालथे, आणि बस घमापूरच्या वळणाला हळू होते तेव्हा ते उताणे करते, कोणीतरी दाखवायला सांगितल्यासारखे.